पाना पूजेत असताना

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचता वाचता कुणीतरी मला गाठून आपल्या गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवेल. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर सांत्वनाला गेले होते तिथेसुद्धा हे झालेलं आहे. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या एका क्रॉसच्या, म्हणजे आडव्या गल्लीच्या, टोकाला माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, गॅरेज आहे आणि त्याच्या काउंटरवर बसून मी केस पांढरे केले. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, त्यातलं खरं किती आणि घाबरून बोललेलं किती ते निवडायचं आणि आत जाऊन खलीलभाईंना सांगायचं, हे माझं काम. खलीलभाई आमचे मुख्य मेकॅनिक. ते जे बोलतील ते गिऱ्हाइकाच्या छातीत धडकी भरणार नाही अशा शब्दांत परत बाहेर आणायचं, हेही माझंच काम. आमचं घराणं इथं कितीतरी पिढ्यांचं. घरात मराठी, दारात कन्नड आणि गॅरेजमध्ये खलीलभाईंची दखनी. मला सगळे अक्का म्हणतात, माझ्याहून वयानं मोठी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा.

आवाजाचं म्हणाल तर माणसाचं गाव मी त्यावरून ओळखते. पुण्याचा माणूस आवाजाचं वर्णन करतो. कधीपासून येतो, कोणत्या बाजूनं येतो, आपल्या मते कशामुळे येतो आणि आधीच्या गॅरेजवाल्याला ते कसं कळलं नाही, इथपर्यंत. मुंबईचा माणूस आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणतो, त्यात निम्मा वेळ त्याच्या बायकोचा आवाज असतो. नागपूरचा माणूस सगळ्यांदेखत आवाज काढून दाखवतो, हातवाऱ्यांसकट. आणि आमचा बंगळूरचा माणूस ‘स्वल्प साउंड बर्ता इदे’, थोडा आवाज येतोय, एवढं बोलतो, किल्ली काउंटरवर ठेवतो आणि कॉफी प्यायला निघून जातो. चौघांच्याही गाडीचा आवाज गॅरेजच्या फाटकात शिरताक्षणी बंद होतो, ही गोष्ट मात्र सारखीच.

अलीकडे आमच्याकडे येतात त्यांत निम्मे नवीन आलेले आयटीवाले. त्यांच्यातले बरेच जण सेकंडहँड सेडान घेतात. मागे लांब डिकी असलेली, जमिनीला धरून चालणारी ही गाडी आता कुणाला नको झाली आहे. सगळ्यांना उंच गाडी हवी, रस्त्यावरच्या लोकांकडे वरून बघता आलं पाहिजे. त्यामुळे एखाद्या रिटायर गृहस्थानं जीव लावून सांभाळलेली सेडान बऱ्या भावात मिळून जाते. मग हे लोक ती घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘अक्का, वर्षाला खर्च किती येईल?’

यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. नव्या गाडीचा खर्च हप्त्यासारखा तारीख बघून येतो, जुन्या गाडीचा खर्च पाहुण्यासारखा येतो, न कळवता. सगळं धरून बघितलं तर जुनीच स्वस्त पडते, पण पाहुणा दारात उभा असतो त्या दिवशी हे कुणाला पटत नाही. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या थोडा खर्च आपण होऊन करून टाकावा. इंजिनाचं ऑइल, कूलंट, ब्रेकचं ऑइल, सगळं नवीन भरावं. आधीच्या मालकानं ‘गेल्या महिन्यातच बदललंय’ असं सांगितलं तर मान डोलवावी आणि तरीही बदलावं. गाडीत रबराचं जे जे असतं ते लोखंडाच्या आधी म्हातारं होतं. पट्टे, नळ्या, इंजिनाखालच्या गाद्या, वायपर आणि टायर. टायरवर नुसती नक्षी शिल्लक आहे म्हणून खूश होऊ नये. ते कधी तयार झाले ते त्याच्या अंगावर छापलेलं असतं, ते वाचावं. एवढं केलं की निम्म्या कटकटी येण्याआधीच निघून जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी आम्ही आहोत.

दुसरा प्रश्न, ‘घेताना काय बघायचं?’ बघायचं ते किल्ली फिरवल्यावर. आमच्या एका गिऱ्हाइकानं अशी गाडी घेतली जिच्या डॅशबोर्डवर एकही तांबडा दिवा लागत नव्हता. तो भारी आनंदात होता. मी खलीलभाईंना हाक मारली, कारण किल्ली फिरवल्यावर इंजिनाचा दिवा आधी लागायला हवा आणि मग विझायला हवा. इथं तो लागतच नव्हता. उघडून बघितलं तर विकणाऱ्यानं दिव्यावर आतून काळी टेप चिकटवलेली. गाडी बिचारी कित्येक दिवस ओरडून सांगत होती आणि यानं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. त्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघून मला हसू आवरेना, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच वाईट वाटलं.

तिसरा प्रश्न उंदरांचा. बंगळूरच्या अपार्टमेंटच्या तळघरातले उंदीर वायरी कुरतडतात, त्याला इलाज काय? एका पुणेकरानं इंटरनेटवर वाचून इंजिनाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तंबाखूची पानं खोचली होती. उंदीर पळाले, हे खरं. पण एसी लावला की आत असा वास सुटायचा की त्याच्या सासूबाईंनी जावयाला भलतं व्यसन लागलं अशी घरभर बातमी केली. शेवटी सासूबाईंना गॅरेजमध्ये आणून, बॉनेट उघडून, पानं दाखवावी लागली. माझ्या साक्षीनं तो माणूस निर्व्यसनी ठरला.

तर अशाच गिऱ्हाइकांपैकी एक मयुरी वानखेडे. नागपूरची मुलगी, इथं कॉम्प्युटर कंपनीत कामाला, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून भाड्यानं राहते. तिनं स्वतःच्या कमाईतून जुनी सेडान घेतली. घेण्याआधी गाडी आम्हाला दाखवली होती आणि ‘घे’ असं मी सांगितलं होतं, त्यामुळे त्या गाडीच्या अब्रूत माझाही वाटा होता.

मयुरीचे वडील वीज मंडळातून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याची कटकट पैसे देऊन घरी आणणं. त्यातून मुलीनं एकटीनं घ्यायची, एकटीनं चालवायची आणि परक्या गावात भर रस्त्यात बंद पडली की बसायचं रडत. मयुरी नागपूरला गाडी शिकली तेव्हाही ते तिच्या शेजारी कधी बसले नाहीत. एकदा आईनं बळंच बसवलं, तर पहिल्याच वळणावर दार उघडून उतरले आणि भाजी आणायचीय म्हणून चालत घरी गेले. ते गेल्या दसऱ्याला प्रथमच बंगळूरला येणार होते. फोनवर त्यांनी सांगितलं, ‘स्टेशनवर गाडी घेऊन आलीस तर बसतो. नाही आलीस तर ऑटो आहे. मग मात्र त्या डब्ब्यावर एक शब्द बोलायचा नाही, विकून टाकायचा.’

पैसे तिचे, गाडी तिची, विकायची की नाही तेही तिनंच ठरवायचं. पण बापानं एकदा, फक्त एकदा, आपल्या शेजारी बसावं एवढं तिला हवं होतं. हे तिनं मला आठवडाभर आधी सांगितलं आणि सांगताना ती काउंटरवरच्या पेनाचं टोपण चावत होती.

आणि शहाणीनं काय करावं? वडिलांची रेल्वे पुढे घराजवळच्या स्टेशनलाही थांबते. पण हिनं त्यांना मुद्दाम के. आर. पुरमला उतरायला सांगितलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी विचारलं, ‘का गं?’

‘अक्का, इथं उतरले तर पाच मिनिटांत घर येईल. त्याला काय राइड म्हणतात? एकदा बसवायचेच तर नीट बसवते ना.’

ते ज्या दिवशी येणार होते तो दिवस आयुधपूजेचा, आपल्या खंडेनवमीचा. ज्यांनी हा दिवस बंगळूरच्या गॅरेजमध्ये बघितला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. सकाळी गॅरेज धुऊन काढतात. सगळे पाने, जॅक, हातोड्या, पक्कड, हवा भरायचं यंत्र, गाडीला लावून दोष वाचायचं मशीन, सगळं पुसून पाटावर मांडतात आणि त्यावर हळदीकुंकू, झेंडूची फुलं. अण्णा तर बिलाचा कॉम्प्युटर, स्टेपलर आणि घरची विळीसुद्धा आणून मांडतो. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्यारांची ती सुट्टी. गिऱ्हाइकं मात्र नटूनथटून आपापल्या गाड्या घेऊन येतात. गाडीला हार, चाकांखाली लिंबं, समोर कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद.

या नियमाला आमच्याकडे सर्वांत कडक कोण असेल तर खलीलभाई. त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेली शिस्त. त्या दिवशी ते पांढराशुभ्र शर्ट घालून, अत्तर लावून येतात आणि हात पाठीमागे बांधून सबंध सकाळ उभे असतात, चुकूनही सवयीनं पान्याकडे हात जाऊ नये म्हणून.

पूजा आटोपून अण्णा गाड्यांकडे वळला होता, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मयुरीची गाडी दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा ऐकू आली. धक्के खात, थरथरत, मध्येच दम टाकत ती फाटकातून आत आली. मयुरी उतरली. नवीन पंजाबी ड्रेस, डोळ्यांत काजळ आणि चेहरा रडवेला.

‘अक्का, काल एकदम मस्त चालत होती. आज सकाळी मी फक्त धुतली.’

‘कुठं कुठं धुतली?’

‘पूजा आहे ना, म्हणून आतून पण. वॉचमननं प्रेशर पंप आणला होता, सगळ्यांच्या गाड्या धूत होता. मी बॉनेट उघडलं आणि इंजिन पण मस्त धुऊन काढलं. इतकं चमकून राहिलं ना अक्का, बघा तुम्ही.’

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे आयुधपूजेच्या दिवशी अशी एखादी तरी गाडी येतेच. भक्ती खोलवर पोचते आणि तिच्यामागून पाणीही. खलीलभाई दोन पावलं पुढे आले, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं आणि हात पाठीमागेच ठेवून म्हणाले, ‘मिसिंग मार री. प्लग में पानी गया.’

मिसिंग म्हणजे चार सिलिंडरांपैकी एखादा मध्येच काम सोडतो. प्लग हे इंजिनाच्या माथ्यावर खोल खड्ड्यांत बसलेले असतात, एकेका खड्ड्यात एकेक, वरून रबरी टोपी. जोरात पाणी मारलं की ते टोपीखालून आत शिरतं आणि खड्ड्यात साचून राहतं. ठिणगी जिथं पडायची तिथं न पडता पाण्यातून भलतीकडेच जाते. एरवी हे काम म्हणजे किरकोळ. यंत्रानं हवा मारायची, दहा मिनिटांत मोकळं. पण हवेचं यंत्र झेंडूच्या माळेखाली बसलं होतं.

‘खलीलभाई,’ मी म्हटलं, ‘हिच्या वडिलांना आणायला जायचंय.’

‘आज नक्को अक्का. पूजा में बैठा सो सामान है. उठाए तो अच्छा नै.’

मी अण्णाकडे बघितलं. अण्णानं आरतीचं तबक खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ‘इवत्तु मुट्टंगिल्ल, शालू. आज हात लावायचा नाही म्हणजे नाही. पोरीला टॅक्सी करून दे.’

‘टॅक्सी नाही,’ मयुरी म्हणाली. ‘टॅक्सीतून उतरले तरी बाबा तेच म्हणतील. म्हटलं नव्हतं, म्हणतील. जन्मभर म्हणतील.’

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडिलांचा निरोप, ‘जोलारपेट. चहा बरा होता.’ हे गृहस्थ दर स्टेशनचा अहवाल पाठवत होते. जोलारपेटहून के. आर. पुरमला यायला रेल्वेला दीडदोन तास लागतात आणि इथून तिथं पोचायला सुट्टीच्या दिवशी तासभर.

मग आमच्या गॅरेजात शास्त्रार्थ सुरू झाला. मी म्हटलं, पूजेत जे ठेवलंय त्याला हात लावायचा नाही, बरोबर? अण्णा म्हणाला, बरोबर. मग पूजेत ठेवलेलंच नाही त्याचं काय? अण्णा विचारात पडला. त्यानं सगळं इतकं मन लावून गोळा करून मांडलं होतं की न मांडलेलं काय उरलंय हे त्यालाच आठवेना. खलीलभाईंनी विचारलं, ‘अण्णा, उंगली औज़ार है क्या?’ अण्णानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं, बोटांना कुंकू होतं, पण ते लावताना लागलेलं. ‘हात पूजेत मांडलेले नाहीत,’ त्यानं निर्णय दिला. ‘पण खलील, तुझे हात म्हणजे हत्यारच. तू लांब उभा राहा.’

खलीलभाईंना हा मान इतका आवडला की ते आणखी दोन पावलं मागे सरले.

राहिलो मी आणि मयुरी. मी रेशमी साडीत, ती नव्या ड्रेसमध्ये. खलीलभाई लांबून पंचासारखे सांगत होते आणि आम्ही करत होतो. नशिबानं गाडी जुनी. नव्या गाड्यांत या टोप्या बोल्टनं आवळलेल्या असतात, हिच्यात नुसत्या दाबून बसवलेल्या. ‘घुमाके खींचो, वायर नक्को पकड़ो, टोपी पकड़ो.’ मयुरीनं पहिली टोपी ओढली, सुटली. चौथीपर्यंत तिला जमूनच गेलं. आत वाकून बघितलं तर दोन खड्ड्यांत थोडं, एकात जवळजवळ काही नाही आणि तिसऱ्या नंबरच्या खड्ड्यात चक्क तळं.

फोन वाजला. ‘कुप्पम. माझी गाडी वेळेवर आहे. तुझी?’

मयुरीनं उत्तर पाठवलं, ‘धुऊन ठेवलीय.’

पाणी काढायचं कशानं? कापड जाड, आत जाईना. मग मला तबकातल्या वाती दिसल्या. कापसाच्या लांब वाती, वापरायच्या राहिलेल्या. एकेक वात उदबत्तीच्या मागच्या काडीला गुंडाळली आणि खड्ड्यात सोडली. ओली झाली की काढायची, दुसरी घालायची. अण्णा बघत होता. ‘तेल न लावता वात लावतेस?’ एवढंच म्हणाला, पण स्वतःच आणखी वाती आणून दिल्या. तिसऱ्या खड्ड्याला मात्र वाती पुरेनात. समोर शहाळ्यांची गाडी होती. मी तिथून एक नळी मागून आणली, खड्ड्यात घातली, डोळे मिटले आणि जोरात फुंकर मारली. पाणी उडालं ते थेट माझ्या तोंडावर, कपाळावरचं कुंकू नाकावर ओघळलं. रांगेत उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकानं बायकोला विचारलेलं मी ऐकलं, ही पण पूजेतलीच पद्धत आहे का? बायको म्हणाली, ‘असेल, यांच्यात असेल.’

‘बंगारपेट. वडा घेतला. गरम नाही.’

आता निघायलाच हवं होतं. टोप्या दाबून बसवल्या, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, थोडी थरथरली आणि मग सरळ चालायला लागली. खलीलभाईंनी मान तिरकी केली. ‘तीसरा अभी गीला है. गरम हुए तो सूखता. रस्ते में थोड़ा खाँसेगी.’

‘किती खोकेल?’ मयुरीनं विचारलं.

‘वो मालिक की मर्ज़ी.’

अण्णानं घाईघाईत हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मयुरी ती चिरडून गेली. मी फाटकात उभी राहून वळणापर्यंत बघत होते. वळताना एक आचका बसला, मला लांबून दिसला.

पुढचे दोन-अडीच तास माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. गिऱ्हाइकांना प्रसाद देताना मी एकाला दोनदा दिला आणि एकाला दिलाच नाही. डोळ्यांसमोर सारखं दिसत होतं, भर फ्लायओव्हरवर गाडी बंद, मागे हॉर्न वाजवणारे आणि दार उघडून भाजी आणायला निघालेले वानखेडे साहेब. गाडी घे असं मी सांगितलं होतं. आजवर शेकडो लोकांना घे किंवा नको घेऊ असं सांगितलं असेल, पण कुणाच्या घरच्या माणसाची वाट बघत असं बसावं लागलं नव्हतं.

दुपारी गाडी आली. हार एका बाजूनं सुटून लोंबत होता. पुढच्या सीटवरून एक उंच, बारीक गृहस्थ उतरले, शर्ट खोचलेला, हातात रेल्वेत घेतलेली पाण्याची बाटली. मयुरी पलीकडून उतरली आणि माझ्याकडे बघून तिनं भुवया उडवल्या. त्याचा अर्थ चांगला की वाईट, मला कळेना.

वानखेडे साहेब सरळ माझ्यासमोर आले. ‘तुम्हीच का हो अक्का? हिला गाडी घ्यायला सांगितलं ते तुम्हीच ना?’

‘हो,’ मी म्हटलं. खलीलभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

‘एक विचारू का, ताई? तुमच्या इथले रस्ते असे काहून आहेत? मी पाहून राहिलो, रस्ता दिसायला सपाट आहे, पण हादरे किती. त्या पुलावर तर तीनदा असे बसले की माझे दात वाजले. आणि ही पोरगी मात्र तोंडातून शब्द न काढता चालवून राहिली. आमच्याकडे असे रस्ते असते तर लोकांनी मोर्चा नेला असता.’

मी मयुरीकडे बघितलं. ती प्रसादाच्या परातीकडे बघत होती, एकाग्र चित्तानं.

काउंटरवर मी कधी खोटं बोलत नाही, त्याचा मला अभिमान आहे. गिऱ्हाइकाला वाईट वाटलं तरी खरं सांगते. पण खोटं न बोलता गप्प कसं बसायचं हेही या धंद्यात शिकावं लागतं. मी म्हटलं, ‘रस्ते खराब आहेत, साहेब. याबद्दल इथं कुणाचंच दुमत नाही.’ खलीलभाईंच्या पाठीला हसू फुटलेलं मला दिसत होतं.

अण्णानं खुर्ची दिली, कॉफी आली. साहेबांनी कडलेपुरीचा बोकणा भरला आणि माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. वर्षाला खर्च किती? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची की तुमच्याकडे? मी सांगितलं, वॉरंटी असेपर्यंत त्यांच्याकडे, संपली की ज्याला तुम्ही नावानं हाक मारू शकता त्याच्याकडे. क्लच किती दिवस टिकतो? चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर आहे, पाय उगाच ठेवून बसला तर लवकर जातो. ‘हिचा पाय कसा आहे?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘हलका आहे. ही गाडी घेतल्यापासून क्लचची तक्रार नाही.’ ते हूं म्हणाले. अजून किती वर्षं चालेल? सांभाळली तर हिला कंटाळा येईपर्यंत. शेवटी सगळे प्रश्न संपले, कॉफीही संपली, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, ‘आणि तुम्ही स्वतः कोणती गाडी चालवता, ताई?’

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

‘मला गाडी चालवता येत नाही,’ मी म्हटलं.

मयुरीनं परातीतून मान वर काढली. तिलाही माहीत नव्हतं. गाडी रस्त्यावर नेऊन बघायची असते तेव्हा खलीलभाई चालवतात, मी शेजारी बसून ऐकते. आवाज कुठून येतो ते शेजारच्या सीटवरून जास्त कळतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरंही आहे. पण मी शिकले नाही याचं कारण ते नाही. घरात कुणी शीक म्हटलं नाही आणि मीही शिकू का असं विचारलं नाही, एवढंच. नंतर वय झालं आणि जन्म गॅरेजात काढलेल्या बाईला आता शिकवा म्हणायची लाज वाटायला लागली. मला वाईट वाटतं त्याचं. दुरुस्त झालेल्या गाड्या गिऱ्हाइकं हसत घेऊन जातात तेव्हा जास्त वाटतं.

एवढं सगळं मी त्यांना बोलले नाही, पण काहीतरी तोंडावर दिसलं असावं. वानखेडे साहेबांनी रिकामा पेला काउंटरवर ठेवला. हात झटकले. मग मुलीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ही शिकवेल ना तुम्हाला. चांगली चालवते.’

मयुरीनं परातीतले चुरमुरे मुठीत घेतले आणि परत परातीत सोडले. मग पदर नव्हता म्हणून ओढणीनं नाक पुसलं आणि काजळ गालभर केलं.

दुसऱ्या दिवशी हत्यारं मोकळी झाल्यावर खलीलभाईंनी सगळ्यांत आधी तिसऱ्या खड्ड्यात हवा मारली. साहेबांना सांगितलं, नेहमीची तपासणी. त्यांनी आपला मुक्काम वाढवला, रस्ते वाईट असले तरी हवा चांगली आहे म्हणून.

रविवारी सकाळी बापलेकीनं मला मयुरीच्या गाडीत बसवून एका मोकळ्या मैदानात नेलं. उजव्या दारानं चढताना मला आधी पाय कुठला घालायचा तेच कळेना. मयुरी शेजारी बसली, साहेब मागे. त्या गाडीचा पट्टा न् पट्टा मला ठाऊक, तिचं कुरकुरणं कुठल्या रबरी बुशातून येतं हे मी डोळे मिटून सांगेन. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, गाडीनं एक जबरदस्त आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आचका, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर आम्ही तिघंही पुढे आपटलो. मयुरी म्हणाली, ‘अक्का, सावकाश.’ मी घाम पुसला आणि इतक्या वर्षांत ऐकलेली सगळी गिऱ्हाइकं बोलतात तेच बोलले, ‘अगं, गाडीतच काहीतरी झालंय.’

मागच्या सीटवरून वानखेडे साहेब म्हणाले, ‘नाही हो ताई. गाडीत काही दोष नाही.’